आईच्या नावाचं मीटर

चढावरच्या गल्लीत शिरण्याआधी आकडेताई छत्रीवाल्याच्या पायरीवर टेकायची, बुटाची नाडी घट्ट करायची आणि मगच पहिल्या दाराची कडी वाजवायची. एकोणीस वर्षं हाच क्रम. वीज कंपनीत ती मीटर वाचायच्या कामावर होती. ‘आकडे टाकून वीज पळवणारे निराळे, ही आकडे लिहून नेणारी,’ असं म्हणत कुण्या टवाळाने तिला हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या चिठ्ठीवरचं खरं नाव तिचं तिलाच परकं वाटू लागलं.

थंडी नुकती सुरू होत होती. शाळेची घंटा होऊन गेली होती, दारादारांत पायपुसणी झटकली जात होती. गल्ली नेहमीसारखीच होती. फक्त प्रत्येक घराच्या बोळाकडच्या भिंतीवर आता एकाऐवजी दोन मीटरं होती. एक जुनं, काळवंडलेलं. त्याच्या शेजारी एक नवं, पांढरंशुभ्र. आणि प्रत्येक पांढऱ्या मीटरवर नाव होतं ते घरातल्या म्हातारीचं.

हे कसं झालं ते सांगायला चार वर्षं मागे जावं लागेल. निवडणुकीचा उमेदवार याच गल्लीच्या तोंडाशी ट्रकवर उभा राहिला होता. त्याने विजेचं बिल सगळ्यांसमोर टराटरा फाडलं आणि ओरडला, “पाच वर्षं घरगुती विजेच्या दराला कुलूप!” टाळ्यांनी पत्रे हादरले. खोटं कशाला बोला, आकडेताईनेही टाळ्या वाजवल्या आणि मतही त्यालाच दिलं. दर महिन्याला हातात बिल ठेवलं की गरिबाचा चेहरा कसा पडतो, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं होतं?

माणूस निवडून आला आणि त्याने शब्द पाळला. वचन मोडलं असतं, तर लोकांनी चार शिव्या घालून विषय संपवला असता. ते पाळलं गेलं, तिथेच घोळ झाला. कुलूप होतं ते घरटी महिन्याला शंभर युनिटांपुरतं. त्या शंभरांत कंपनीला जो खड्डा पडायचा, तो ती पुढच्या युनिटांतून भरून काढू लागली. एकशे एकाव्या युनिटाला दर चौपट. उन्हाळ्यात जमायचं. पण पाणी गोठायच्या दिवसांत, घरात लेकरं असताना, शंभरात कुणाचं भागतं?

माणसाचं डोकं कुलपापेक्षा किल्लीवर जास्त चालतं. किल्ली सापडली ती नियमातच. ‘घर’ म्हणजे काय, तर ज्याची चूल वेगळी, दार वेगळं, ते वेगळं घर. घर वेगळं झालं की त्याला वेगळं मीटर, आणखी शंभर युनिटं. आता चूल वेगळी दाखवायची कुणाची? भावाच्या नावाने मीटर घ्यावं, तर उद्या तो जागेत वाटा मागणार. मुलाच्या नावाने घ्यावं, तर सून शेफारणार. नवरा गेलेली म्हातारी आई तेवढी काही मागत नाही. बघता बघता घराघरांत मागची अडगळीची खोली रिकामी झाली, स्वयंपाकघरातून तिकडे जाणाऱ्या दारात विटा चढल्या, बोळाच्या बाजूने नवं दार फुटलं आणि आईची खाट तिकडे गेली.

कंपनीने एक अट तेवढी घातली. हे दुसरं मीटर शंभर युनिटं झाली की आपोआप बंद पडेल, ते पुढच्या महिन्याच्या एक तारखेलाच सुरू होईल. लोक म्हणाले, बरंच झालं, चुकून जास्त जळायला नको.

या सगळ्याच्या कागदावर पडताळणीची सही लागायची. स्वतंत्र दार आहे का? होय. स्वतंत्र चूल आहे का? होय. स्वतंत्र राहतात का? होय. खाली सही आकडेताईची. या गल्लीत अशा एक्केचाळीस सह्या तिने केल्या होत्या. प्रत्येक सहीच्या वेळी तिला वाटलं होतं, आपण कुणाचं तरी भलं करतोय.

सतरा नंबरच्या घरी ती बोळातून मागे गेली. इथे राहायच्या एक्सचेंजच्या आजी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं त्या कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या बारशापासून मयतापर्यंतच्या बातम्या त्यांच्या हातातून गेल्या होत्या. नंबर अजून सगळे तोंडपाठ.

“या, या! परराष्ट्रात स्वागत आहे,” आजी खाटेवरून म्हणाल्या. अंगात दोन स्वेटर, त्यावर शाल, पायांत मुलाचे जुने मोजे. “पासपोर्ट आणलाय का?”

“आजी, हीटर का नाही लावला?”

“लावते की. संध्याकाळी अर्धा तास. डॉक्टरच्या औषधासारखा.” त्या हसल्या. “मुलांच्या परीक्षा आहेत गं. त्यांची खोली उबदार हवी. मी काय, दिवसभर उन्हात बसते पायरीवर. ऊन फुकट आहे अजून. त्याला कुणी कुलूप लावलेलं नाही.”

कोपऱ्यात विजेची शेगडी होती. तिच्यावर दुकानाची चिकटपट्टी अजून तशीच. पडताळणीच्या दिवशीही ती होती. आकडेताईने तेव्हा ती पाहिली होती आणि ‘होय’ लिहिलं होतं.

ती बाहेर येऊन मीटरसमोर उभी राहिली. वीज वाहत असली की या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो; जितकी जास्त वीज, तितका भरभर. आजींच्या खोलीत दिवा बंद, हीटर बंद, शेगडी कोरी. आणि ठिपका धाप लागल्यासारखा उघडझाप करत होता.

तिने मान वर केली. मीटरमधून निघालेली एक तार भिंतीच्या कडेकडेने गेली होती आणि मुलाच्या घराच्या भिंतीत शिरली होती.

“ताई.” मागे आजींचा मुलगा उभा होता. सार्वजनिक वाचनालयात तो ग्रंथपाल होता. आवाज चढवणं त्याच्या धंद्यातच नव्हतं. “तुम्ही पाहिलंत ते मला कळलं. पण आई जेवते आमच्यातच. रोज दोन वेळा ताट जातं तिला. तिला काही कमी नाही.”

“मग हीटर?”

“तिला सवय नाही हो त्याची. तीच म्हणते.” त्याने चष्मा काढून पुसला. “तुम्ही लिहून दिलंत, तर दंड कुणाच्या नावे निघेल, माहीत आहे ना? मीटर तिच्या नावावर आहे.”

हे मात्र आकडेताईच्या कधी लक्षात आलं नव्हतं. गुन्हा पकडावा तर गुन्हेगार म्हणून उभी राहणार ती खाटेवरची म्हातारी. तिने आकडा लिहिला, बाकी काही लिहिलं नाही, आणि अठरा नंबरकडे वळली.

तिच्या स्वतःच्या घरी अजून एकच मीटर होतं. नवरा बस आगारात मिस्त्री, एक मुलगी शाळेत, आणि सासू. सासूने आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम केलेलं. हात खरखरीत, जीभ त्याहून खरखरीत. पत्त्यांच्या डावात नातीलाही फसवायची आणि पकडली गेली की म्हणायची, “शिकवतेय तिला, जग कसं असतं ते.”

त्या रविवारी नवरा चहाचा कप फिरवत बसला होता. शेवटी म्हणाला, “मागची खोली रिकामीच आहे. सगळ्यांनी केलंय. तू तर कंपनीतलीच. सहीलासुद्धा कुणाच्या पाया पडायला नको.”

“आईंना तिकडे टाकायचं?”

“टाकायचं काय त्यात? भिंतीपलीकडेच तर. हाक मारली की ऐकू येईल.”

आकडेताईने सासूकडे पाहिलं. आता ही कडाडेल, असं तिला वाटलं. पण सासू पत्ते पिसत राहिली.

“जाते मी,” ती म्हणाली. “मला काय लागतं? पोरीला गरम पाणी मिळेल आंघोळीला. मी पिकलं पान.”

आकडेताईला नाही म्हणता आलं नाही. होही म्हणवलं नाही. तिने अर्ज भरला, सहीची जागा कोरी ठेवली आणि तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात सारला. नवऱ्याने गवंड्याला पुढच्या महिन्याची वेळ दिली.

थंडी त्या वर्षी वैऱ्यासारखी आली. टाकीच्या पाण्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरायचा. नळ गोठायचे. दुपारी दोन तास ऊन पडायचं, तेही आजाऱ्याच्या हसण्यासारखं. महिन्याची वीस तारीख उलटते न उलटते, तोच गल्लीतली पांढरी मीटरं एकेक करून मिटू लागली.

त्याच आठवड्यात कचेरीत कुजबूज सुरू झाली. कंपनीला इतक्या दुसऱ्या मीटरांचा संशय आला होता. वरून भरारी पथक येणार होतं. पहाटे, रात्री, केव्हाही, न सांगता. म्हातारी मागच्या खोलीत सापडली नाही, तर मीटर काढणार आणि तीन वर्षांची चौपट वसुली लावणार.

गल्लीतली घरं आकडेताईच्या डोळ्यांपुढून सरकली. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला. वसुली आली, तर ही माणसं बसल्या जागी मोडतील. ती कामावरून सुटल्यावर घरी गेलीच नाही. दारोदार फिरली.

सतरा नंबरला ग्रंथपालाची बायको दारात आली. तिच्या कडेवर धाकटं पोर तापाने फणफणलेलं होतं.

“वहिनी, पथक येतंय. आठवडाभर सांभाळा. भिंतीतली ती तार काढून टाका. आणि आजींना घरात आणू नका. मागेच राहू दे.”

“मागचं मीटर कालच बंद पडलंय हो ताई,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी ह्यांना म्हणतच होते, एक तारखेपर्यंत आईंना आत झोपवू.”

“आत सापडल्या तर संपलं सगळं. आठवडाभराचाच प्रश्न आहे. पांघरुणं द्या, गरम पाण्याची पिशवी द्या.”

“बरं झालं बाई, सांगितलंत,” वहिनीने तिचा हात हातात घेतला. “देवासारख्या आलात.”

आकडेताई परतली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. आपल्यामुळे एक्केचाळीस घरं वाचली.

पथक त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडेताईची त्या गल्लीत वाचनाची पाळी होती. सतरा नंबरच्या बोळात शिरताना तिला पायरीवर आजी दिसल्या नाहीत. म्हटलं तर ऊन यायला अजून अवकाश होता. तरी तिची पावलं भरभर पडली.

मीटरवरचा ठिपका मेलेला होता. आकडा शंभर.

“आजी! पासपोर्ट आणलाय हं आज,” तिने दारावर टकटक केली.

तिने दार ढकललं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजी खाटेवर नव्हत्या. भिंतीशी होत्या, त्याच नव्या भिंतीशी, जिथे पूर्वी स्वयंपाकघराचं दार होतं. जमिनीवर बसलेल्या, पाठ आणि डोकं विटांना टेकवून, सगळी पांघरुणं अंगाभोवती ओढून. पलीकडे स्वयंपाकघरातली शेगडी पेटली की त्या विटा किंचित कोमट व्हायच्या. त्यांनी ती जागा हाताने चाचपून शोधून काढली असावी. रबरी पिशवी मांडीवर होती. आकडेताईने आजींचा हात धरला. पिशवीत आणि हातात गार कोण जास्त, ते सांगता आलं नसतं.

भिंतीपलीकडून कुकरची शिटी ऐकू आली. मग वहिनीचा आवाज, “अरे, आजीचा चहा घेऊन जा कुणीतरी!”

आकडेताई मूठ वळून विटांवर मारत राहिली. पलीकडच्यांना वाटलं, आजीच चहासाठी घाई करतेय.

दुपारी पोलीस आले. वयस्कर अधिकारी खाटेच्या कडेवर फळी ठेवून पंचनामा लिहीत होता. डॉक्टरने थंडीने मृत्यू असं आधीच सांगितलं होतं. ग्रंथपाल उंबऱ्यावर बसला होता. त्याचं रडणं संपलं होतं; नुसते खांदे हलत होते.

“या घरात कोणकोण राहत होतं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“आम्ही सगळे. आई, मी, ही, मुलं. एकत्रच हो. एकत्रच.”

अधिकाऱ्याने कंपनीकडून मागवलेला कागद पुढे धरला. “इथे तर लिहिलंय, स्वतंत्र दार, स्वतंत्र चूल, स्वतंत्र वास्तव्य. तीन वर्षांपासून. मग कागद खोटा म्हणायचा का? खोटा असेल तर तसं लिहितो. पण मग ते प्रकरण वेगळ्या वाटेने जाईल. विचार करून सांगा.”

ग्रंथपालाने वर पाहिलं. बायको तापलेलं पोर छातीशी धरून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. बोळाच्या तोंडाशी गल्लीतली सगळी पुरुषमंडळी जमली होती. एकेकाचा श्वास अडकला होता. सतरा नंबरचा कागद खोटा ठरला, तर बाकीचे चाळीस खरे कसे राहणार?



“एकटी,” ग्रंथपाल म्हणाला. “एकटीच राहायची ती.”

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग कागदावर बोट ठेवून आकडेताईकडे वळला. “ही सही तुमची?”

“हो.”

“तुम्ही खात्री केली होती?”

तिने तोंड उघडलं. ग्रंथपालाने तिच्याकडे पाहून हात जोडले. ते जोडलेले हात तिला दिसले. तिने मान हलवली. होय.

बाहेर जमलेल्यांनी एकदम श्वास सोडला. तो आवाज तिला पुढे अनेक दिवस ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाने पहार घेऊन ती भिंत पाडली. एकट्याने, कुणाला हात लावू न देता. दिवसभर घाव ऐकू येत होते. गल्लीतल्या इतर मागच्या खोल्यांत म्हाताऱ्या ते ऐकत बसल्या होत्या.

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ‘एकाकी वृद्धेचा थंडीने अंत.’

गवंडी ठरल्या दिवशी आला. विटांची हातगाडी दाराशी लागली. नवरा घमेली आणायला वळला, तेवढ्यात आकडेताई दारात आडवी उभी राहिली.

“परत घेऊन जा.”

“अगं, पण...” नवरा गडबडला. “आपण काय त्यांच्यासारखे आहोत का? आपण आईला असं होऊ देऊ?”

“त्यांनीही होऊ दिलं नव्हतं हो. ताट जात होतं, चहा जात होता. वाईट कुणीच नव्हतं तिथे.” तिचा आवाज फाटला. “घरात आणू नका म्हणून मीच सांगून आले होते. मी! आणि ती बाई मला देव म्हणाली.”

नवऱ्याच्या हातातलं घमेलं खाली आलं. हे तिने आजवर त्याला सांगितलं नव्हतं.

सासू आतून बाहेर आली. “अगं, मीच हो म्हटलं होतं ना? कशाला डोक्यात राख घालून घेतेस?”

“तुम्ही हो म्हणालात, म्हणूनच तर!” आकडेताई तिच्याकडे वळली. “आजीही हो म्हणाल्या होत्या. तुम्ही सगळ्याजणी हो म्हणता आणि आम्ही ते खरं धरतो. ते आम्हाला सोयीचं असतं. एकदा तरी नाही म्हणा, आई. माझ्यासाठी म्हणा.”

गवंडी कानटोपी सारखी करत उभा. शेवटी म्हातारी खोलवर श्वास घेऊन म्हणाली, “नाही जायचं मला मागे. मला एकटीला भीती वाटते.” मग जरा थांबून, जणू स्वतःशीच, “पहिल्या दिवसापासून वाटत होती.”

हातगाडी परत गेली. नवरा तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेला आणि खाली मान घालून परत आला.

आकडेताईने कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला, की सतरा नंबरची पडताळणी खोटी होती, आणि बाकीच्या चाळीसही. साहेबाने तो वाचला आणि तिच्याकडेच सरकवला. “बाई, नोकरी जाईल. चाळीस घरांना वसुली लागेल, त्यांचे शिव्याशाप मिळतील ते वेगळेच. आणि वर कुणाला हे ऐकायचंय? भरारी पथकसुद्धा रद्द झालं. कंपनीला बदनामी नको, सरकारला कुलूप तुटायला नको. घरी न्या हा कागद.”

आठवड्याभराने शाळेच्या सभागृहात सभा भरली. तोच निवडून आलेला माणूस आला होता. आता त्याच्या गळ्याला महागडा मफलर होता. पुढच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले होते. सभागृह खचाखच. आकडेताई मधल्या रांगेत बसली होती.

“आपल्या गावातली एक माउली थंडीने गेली,” तो गहिवरून म्हणाला. “एकटी होती बिचारी. मला झोप लागली नाही. म्हणून आज शब्द देतो. ज्या वृद्ध माता एकट्या राहतात, त्या प्रत्येकीला शंभरावर आणखी पन्नास युनिटं, कुलपाच्या दरात!”

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. आकडेताईच्या मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागला. “आमची मावशी आहे की गावाकडे. आणून ठेवावी का? जिन्याखाली जागा आहे.”

ती उभी राहिली. उभी राहीन असं ठरवून ती आली नव्हती.

“एकटी नव्हती ती,” ती म्हणाली.

टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, ओरडून. टाळ्या विरत गेल्या.

“तिला मुलगा होता, सून होती, नातवंडं होती. त्यांच्यामध्ये भिंत घातली ती या कुलपाने, आणि ती एकटी राहते असं लिहून दिलं मी. खोटं लिहिलं. आता एकट्या म्हाताऱ्यांना जास्त वीज देताय? मग अजून एकट्या करतील सगळे! जिन्याखाली बसवतील!” मागच्या रांगेतला माणूस खाली बघू लागला. “इथे ज्यांच्या घरी आईच्या नावाचं मीटर आहे, त्यांनी सांगावं. आत्ता या क्षणी तुमची आई कुठे बसली आहे? आणि तिथे ऊब आहे का?”



“ताई, आपली सूचना लेखी द्या,” व्यासपीठावरून आवाज आला. “कार्यक्रम लांबतोय.”

“लेखीच आहे.” तिने साहेबाने परत केलेला जबाब काढला. “वसुली करायची असेल, तर माझ्यापासून करा. सही माझी आहे. नोकरी घ्या. पण हे ऐका.”

ती वाचू लागली. घर नंबर दोन, खोटी पडताळणी. घर नंबर तीन, खोटी पडताळणी. कुणी ओरडलं, “बस खाली!” कुणी म्हणालं, “गल्ली बुडवायला निघाली!” पाहुणे उठले, त्यांच्यामागे कार्यकर्ते उठले. माणसं रांगा मोडून दाराकडे सरकू लागली. खुर्च्या फरशीवर खरडल्या. ग्रंथपाल भिंतीला टेकून उभा होता. तो गेला नाही, पण बोललाही नाही. सतरा नंबर आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसतं वाचलं आणि पुढे गेली.

यादी संपली तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं होतं. व्यासपीठावरचे दिवे कुणीतरी बंद करून गेलं होतं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पाच-सहा म्हाताऱ्या बसून होत्या. त्या सभेला कधी आल्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांतली एक काठीला धरून उठली. ती तेवीस नंबरची होती.

“पोरी, मला कमी ऐकू येतं,” ती म्हणाली. “माझं घर वाचलंस का?”

“वाचलं, आजी.”

“मग पुन्हा वाच,” म्हातारी म्हणाली. “मोठ्याने वाच. माझा मुलगा बाहेर उभा आहे.”